झाडलेला काठ

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, अगोदरचा रविवार हा नाफड्यांच्या घरी झाडणीचा रविवार. घरात लग्न असो, कोणाला ताप असो, दुसरबीडचा पाहुणा ओट्यावर येऊन बसलेला असो, त्या दिवशी नाफडे झिरी नाल्यावर असणारच. इंद्रभानजींनी घालून दिलेली रीत आहे ती, आणि इंद्रभानजी जाऊन छत्तीस वर्षं झाली तरी त्यांच्या धाकातून अजून कोणी सुटलेलं नाही. रीत अशी, की नाल्याचा काठ झाडायचा. झाडायचा म्हणजे अक्षरशः झाडायचा. गवत विळ्यानं कापायचं, बुडखे फावड्यानं खरवडायचे, झुडपांची मुळं कुदळीनं उकरायची, सगळा पालापाचोळा नाल्याच्या वाळूत पेटवून द्यायचा. मग गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजून दोन्ही घरांनी एका पंगतीला जेवायचं. काठ कसा दिसला पाहिजे, तर सारवलेल्या अंगणासारखा. रोहिणखेडच्या बाजाराला जाणारे लोक पुलावर सायकल थांबवून नाफड्यांचा काठ पाहायचे, असं भगवंतराव अजून सांगतात. गेल्या वीस वर्षांत थांबलेली एकही सायकल कोणी पाहिलेली नाही, पण हे एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला सांगणार कोण?

वाटणी झाली तेव्हा नालाच धुरा, म्हणजे हद्द, ठरला. अलीकडची जमीन थोरल्या भगवंतरावांची, पलीकडची धाकट्या शेषरावांची. भांडण झालं नाही. त्याऐवजी दोघा भावांची चढाओढ लागली, कोणाचा काठ जास्त साफ. शेषराव नऊ वर्षांपूर्वी गेले, आता पलीकडं त्यांची बायको सत्यभामाबाई आणि मुलगा कुलदीप. चढाओढ मात्र कुलदीपनं सोडली नाही. वारसा म्हणतात तो हाच.

या रविवारी सगळ्यांच्या आधी नाल्यावर पोचली ती भगवंतरावांची सून अनुपमा. वैजनाथची विहीर काठाला लागून आहे. रेवती पोटात होती त्या वर्षी त्यानं ती खणली, बासष्ट फूट, आणि तीन एकर लिंबाची बाग त्या एका विहिरीवर उभी आहे. अनुपमानं विहिरीच्या कठड्याला पाठ टेकली, पदर खोचला आणि नाल्याकडे पावलं मोजत निघाली. एक, दोन, तीन. सहाव्या पावलाला पुढं जमीनच नव्हती, खाली पंधरा फुटांवर वाळू. मागच्या आखाजीला नऊ झाली होती. विहीर खणली तेव्हा बेचाळीस भरायची.

तिनं मागं वळून कोणी पाहतंय का ते पाहिलं. कोणी नव्हतं. तिला अगदी रडू आलं, पण रडायला वेळ कुठला, अजून दहा माणसांच्या वरणाला फोडणी द्यायची होती.

रेवती बुलढाण्याहून आदल्या दिवशीच आली होती. तिथल्या एका संस्थेत तिची नोकरी, आणि काम काय, तर शेतातल्या नदी-नाल्यांचे काठ कुठं पक्के आहेत, कुठं भेगाळले आहेत, कुठं ढासळत आहेत, याची पाहणी करायची. एकतीस गावं झाली होती. बत्तिसावं गाव तिचं स्वतःचं निघालं. घरात हे कौतुकानं सगळ्यांना सांगून झालं, पण भगवंतरावांच्या डोक्यात त्याचा अर्थ वेगळाच बसला.

"चांगलं झालं," ते रात्रीच म्हणाले होते. "सरकारी कागदावर येईन आता आपला काठ. बाकीच्या गावाईले बी कळन, काठ कसा ठेवा लागते."

"आबा, एक ऐका ना. माझी पाहणी होईपर्यंत झाडू नका. जसा आहे तसा मोजायचा असतो."

"तू मोज ना पुढं पुढं. आमी मागून झाडत येतो."

रेवतीनं विषय सोडला. आजोबांशी वाद घालून जिंकलेला माणूस त्या घरात अजून जन्माला यायचा होता.

सकाळी ती चुन्याची पिशवी, टेप, हातभर लांबीचा लोखंडी गज आणि फॉर्मचा गठ्ठा घेऊन पुलापासून सुरू झाली. दर वीस पावलांवर चुन्याची रेघ, एक फोटो, काठात गज खुपसून पाहायचा, आणि फॉर्मवर खूण. वैजनाथ टेपचं दुसरं टोक धरून मुकाट्यानं तिच्यामागं चालत होता. तो तसाही मुकाच माणूस. बापापुढं बोलायचं नाही आणि बायकोपुढं बोलायची गरज पडत नाही, असं त्याचं बावन्न वर्षं चाललेलं होतं.

आणि नेमकी तीच वेळ साधून पलीकडच्या काठावर वेगळाच बेत शिजत होता.

बेत कुलदीपचा. त्याच्या बाजूला नाला जिथं वळण घेतो तिथं साठ-सत्तर पावलांचा एक तुकडा होता, जो नऊ वर्षांत कोणी झाडलेला नव्हता. सत्यभामाबाई झाडूच देत नव्हत्या. दरवर्षी काही ना काही कारण. कधी गुडघे दुखतात, कधी तिथं साळुंकीनं घरटं केलंय, कधी नुसतंच "राहू दे." तिथं वाळ्याचं गवत छातीइतकं वाढलेलं, शिंदीची झाडं, करंज, निरगुडीचं रान. कुलदीपला त्याची इतकी लाज वाटायची, की दिवाळीला जळगाव जामोदहून सासरे आले आणि त्यांनी "हा तुकडा कोनाचा?" म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं बेधडक "फॉरेस्टचा" असं सांगून टाकलं होतं.

"मोठे बाबा," त्यानं भगवंतरावांना बाजूला घेऊन सांगितलं, "माय तिकडं कणीक तिंबून राह्यली. रोडगे होयेपर्यंत तिले इकडं याले फुरसत नाही. तवर हा तुकडा उरकून टाकू. साफ झालेला पाह्यला का खुश होईन."

भगवंतरावांना ते इतकं पटलं, की त्यांचे डोळे भरून आले. धाकटा भाऊ गेल्यापासून त्यांच्या मनात हे खुपत होतंच. शेषराव गेले त्या वर्षी पुलावर चार लोकांत ते बोलूनही गेले होते, "शेष्या गेला आन् काठाची रया गेली." बोलताना वाईट हेतू नव्हता, दुःखच होतं. आता बिचारी विधवा बाई, गुडघे दुखतात, मुलाला एकट्याला जमत नाही, तर थोरल्या घरानं हातभार लावायचा नाही तर कोणी लावायचा?

"चाल," ते म्हणाले. "शेष्यासाठी एवढं तं करूच."

त्यांनी धोतर वर खोचलं, विळा घेतला आणि वळणावर उतरून वाळ्याच्या पहिल्या ठोंबाला डाव्या हाताची मूठ घातली.

"भाऊजी, विळा खाली ठेवा."

भगवंतरावांचा हात तिथंच थांबला. कुलदीपच्या हातातलं फावडं सुटून त्याच्याच पायावर पडलं.

त्याचं असं आहे, की नाफड्यांच्या घरात धाकटी सून भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नाही. सत्यभामाबाई लग्न होऊन आल्या त्याला एक्कावन्न वर्षं झाली. या एक्कावन्न वर्षांत भासऱ्याला काही सांगायचं तर कोणाला तरी मध्ये घालून. 'रेवती, तुह्या आबाले म्हन चहा झाला.' 'कुलदीप, मोठ्या बाबाले म्हन गाय व्याली.' कोणीच नसलं तर भिंतीला सांगायचं, आणि भगवंतरावांनी ते ऐकायचं. आणि आज त्या पीठ लागलेले दोन्ही हात पुढं करून, पदर डोक्यावरून घसरलेला, थेट त्यांच्या तोंडाकडं पाहून बोलत होत्या.

भगवंतरावांना सवय मोडेना. "कुलदीप," ते म्हणाले, "तुह्या मायले सांग, आमी मदत करून राह्यलो."

"मले आयकू येते," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मदत नाई पायजे. या तुकड्यातली एक काडी तोडाची नाई."

"माय, अवो साफ करून देऊन राह्यलो..." कुलदीप पाय चोळत म्हणाला.

"तू तं बोलूच नको बे! सासऱ्याले फॉरेस्टचा सांगतलं, ते मले समजत नाई काय?"

कुलदीप लालेलाल झाला. त्याला वाटलं होतं दिवाळीचं ते बोलणं मायच्या कानावर गेलंच नाही.

आवाज ऐकून सगळे धावत आले. वैजनाथ आणि रेवती टेप तसाच ओढत नाल्यातून, अनुपमा पळी हातात घेऊन. भगवंतराव वाळ्यात तसेच उभे होते, विळा हातात, आणि अनुपमा त्यांच्या चेहऱ्याकडं पाहतच राहिली. सासरा रागावला असता तर तिला चाललं असतं. तो दुखावला होता.

"काऊन पन?" ते म्हणाले. शेवटी त्यांनीही थेटच विचारलं. "शेष्या असता तं त्यानं असं ठेवू देलं असतं?"

"ते नव्हते म्हनूनच मले दिसलं," सत्यभामाबाई म्हणाल्या. "ते गेले त्या साली सुतकात हा तुकडा झाडाचा राहून गेला. श्रावनात पूर आला, ध्यानात आहे ना? वैजूच्या अंगाचा काठ गेला, खाल्ल्या अंगाचा गेला. मी शेतातल्या मांडवात उभी राहून पाहून राह्यली होती. पानी या वळनावर येऊन आपटे, गवत सारं आडवं होऊन जाये, पानी त्याच्यावरून निंघून जाये. दुसऱ्या दिवशी गवत उठून उभं. माती कनभर बी गेली नाही. तवापासून मी ह्याले हात लावू देत नाई."

 रेवतीला हसू आणि रडू एकदमच यायला लागलं. तीन वर्षं ती गावोगावी हेच सांगत फिरत होती, पुस्तकातून शिकून, फोटो दाखवून, आणि तिची लहानी आजी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून नऊ वर्षं गप्प बसली होती.

"आबा," ती पुढं होऊन म्हणाली, "तुमी विळा ठेवा, हा गज धरा. मी सांगते म्हणून नाही. तुमच्याच हातानं पाहा."

आधी कुलदीपनं प्रयत्न केला. वाळ्याच्या बुंध्याशी गज टेकवून सगळा जोर लावला. बोटभर गेला आणि थांबला. त्यानं पाय रोवले, तोंड वाकडं केलं, शिव्या दिल्या. आणखी दोन बोटं. मग भगवंतरावांनी गज त्याच्या हातातून ओढून घेतला, कारण कुलदीपच्या पिढीत जोरच नाही असं त्यांचं जुनं मत. त्यांनाही जमलं नाही. आतून कोणीतरी गज धरून ठेवल्यासारखा.

"मुळं आहेत," रेवती म्हणाली. "माणसापेक्षा खोल गेलेली. आबा, नाल्याची सगळ्यात मोठी धडक या वळणावर बसते. हिशेबानं हा काठ पहिले जायला पाहिजे होता. तोच तेवढा राह्यला."

"आन् बाकीचा?" वैजनाथनं विचारलं. त्याचा आवाज इतका कमी वापरातला, की सगळ्यांनी त्याच्याकडं वळून पाहिलं.

रेवतीनं फॉर्म पाहिले. दोन्ही बाजू मिळून, हे वळण धरून, वीस तुकडे मोजून झाले होते. त्यातले सतरा भेगाळलेले नाहीतर ढासळते. अलीकडचे आणि पलीकडचे सारखेच. पक्के तीन, आणि तिन्ही या वळणावरचे.

"तुह्या इकडं रेतीचा ढीग साचला ना," वैजनाथ कुलदीपवर एकदम उसळला, "म्हनून सारं पानी माह्या इहिरीवर येते. मी किती साल पाहून राह्यलो!"

"रेती काय म्या बंडीनं आनून टाकली काय, दादा? माहा काठ नाही गेला? वांग्याच्या चार वळी गेल्या मागच्या साली, तुले सांगाले आलो होतो काय मी?"

"तू सांगतो कशाले, तुले तं..."

"बाबा!" रेवती ओरडली. "ती रेती नाही, ती आपली माती आहे. वरच्या काठाची खाली येऊन साचलेली. तुमची त्यात, काकाची त्यात. भांडता काय, विहीर मोजायची राह्यली अजून."

ते ऐकून अनुपमानं पळी कमरेला खोचली.

सगळे नाला ओलांडून विहिरीपाशी आले. रेवतीनं टेप कठड्याला लावला, वैजनाथ दुसरं टोक घेऊन कडेपर्यंत गेला.

"चौदा फूट तीन इंच."

"सहा पावलं," अनुपमा म्हणाली. मग सगळे तिच्याकडं पाहायला लागले, आणि तिला वाटलं, जीभ चावली असती तर बरं.

जमीन साफ होती. विहिरीपासून कडेपर्यंत गवताचं पातं नाही, खडा नाही, चोपून सपाट केलेली. रेवती कडेला समांतर हळूहळू चालत होती. विहिरीपासून पाच फुटांवर ती थांबली, चपलेनं माती उकरली. तिथली माती भुसभुशीत होती, नवी भरलेली.

"इथं कोणी माती टाकली?"

"म्या," भगवंतराव म्हणाले. "मागच्या आठवड्यात. भेग पडली होती, लांबच्या लांब. झाडनीच्या दिवशी चांगली दिसली नसती."

रेवतीनं गज त्या मातीवर उभा धरला आणि फक्त हात टेकवला. गज सरळ खाली गेला. मुठीपर्यंत. तिनं सोडला असता तर दिसेनासा झाला असता.

 वैजनाथला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. भेग विहिरीपासून पाच फुटांवर, आणि तिथून कडेपर्यंतचा नऊ फुटांचा काठ म्हणजे आत्ताच सुटलेला होता, पडायचा तेवढा बाकी. एक मोठा पूर, की काठ जाणार. दुसरा, की विहीर. बाग त्याच्या मागून. चोवीस वर्षं त्यानं त्या झाडांना लेकरासारखं जपलं होतं, आणि आता तो नुसता टेप गुंडाळत राहिला.

भगवंतरावांनी गज उपसला, पुसला, रेवतीच्या हातात दिला. मग ते बागेत निघून गेले.

रोडगे झाले. पंगत वाळूत बसली, पण पंगतीचं तोंड उतरलेलं. सत्यभामाबाईंनी वांग्याची भाजी वाढली आणि भासऱ्याचं ताट अनुपमाकडं दिलं. "तू जाय. मी सकाळपासून लई बोलली."

भगवंतराव लिंबाच्या दुसऱ्या वळीत खाली बसले होते. अनुपमानं ताट पुढं ठेवलं, रोडगा आधीच तुपात चुरलेला होता.

"मामाजी, जेवून घ्या. थंडं होऊन राह्यलं."

"अनू," ते म्हणाले, "तू पावलं कवापासून मोजते?"

 "पाच वर्सं झाले."

"वैजूले सांगतलं?"

"त्यायले माहीत आहे. ते बी मोजतात. मी नसतानी."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

अनुपमानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "काय सांगू, मामाजी? तुमी इतक्या हौसेनं झाडता. आखाजी आली का तुमची तब्येत सुधारते. कोनाच्या तोंडून निंघन?"

 भगवंतरावांना लाज वाटत होती, आणि लाज वाटायची त्यांना मुळी सवयच नव्हती. सबंध घर आपल्याला जपत होतं. सून जपत होती, पोरगा जपत होता, भावजय तर नऊ वर्षं भिंतीशी बोलून जपत होती. आणि आपण विळा पाजळून पोराच्या विहिरीची मुळं उकरत होतो, दर आखाजीला, मोठ्या आनंदानं.

"साऱ्याईनं मले सांभाळलं," ते म्हणाले, "आन् त्यात इहीर गेली असती."

त्यांनी ताट उचललं. एकट्यानं जेवायचं त्यांना काही जमेना. ते ताट घेऊन नाल्यात उतरले आणि पंगतीत, कुलदीपच्या शेजारी, वाळूत बसले. कुलदीपनं लगेच सरकून जागा केली आणि न विचारता त्यांच्या ताटात आणखी एक रोडगा टाकला. वैजनाथनं वरणाचं भांडं पुढं ढकललं. एवढ्यानंही पंगतीला जरा जीव आला.

रेवती एका बाजूला मांडीवर फॉर्म ठेवून बसली होती. विहिरीजवळच्या तुकड्याचा फॉर्म तिच्यानं पुरा होत नव्हता. 'काठ खचण्याचे कारण' असा त्यात एक रकाना होता, आणि पुढं छापलेलं: पूर, रेती उपसा, जनावरांची वर्दळ, इतर. दुसऱ्या कोणत्याही गावात तिनं हा रकाना अर्ध्या मिनिटात भरला असता. इथं पेन 'पूर' या शब्दावर येऊन थांबलं होतं. पूर म्हटलं की कोणाचंच नाव येत नाही.

"काय लिहून राह्यली?" भगवंतरावांनी घास गिळून विचारलं.

"काही नाही आबा. पूर लिहिते."

"पूर? पूर तं लहान्या आजीच्या काठावर बी आला. तो नाही पडला." त्यांनी हात धोतराला पुसला. "दुसरं काय काय आहे त्याच्यात?"

"रेती उपसा. जनावरं. इतर."

"इतर लिही."

"इतर म्हणजे काय लिहू?"

"लिही, मालकानं झाडला. दरसाल. मुळासकट."

"बाबा, राहू द्या ना," वैजनाथ म्हणाला.

"राहू कसं देऊ? इहीर तुही आहे, पन काठ म्या पाडला. मालकाचं नाव लिही, रेवती. भगवंतराव इंद्रभान नाफडे. आन् एकट्याचं लिहाचं नाही बरं का, शेष्याचं बी लिही. तो माह्यावानीच झाडे. वर जाऊन मले म्हनीन, माहं नाव काऊन गाळलं."

कुलदीपला ठसका लागला. अनुपमानं तोंडावर पदर धरला. रेवतीनं खरंच लिहिलं, दोन्ही नावं.

"पन मले एक समजत नाही," भगवंतराव म्हणाले, आणि त्यांनी मान वळवून चुलीपाशी बसलेल्या भावजयीकडं पाहिलं. "नऊ साल तुमाले माहीत होतं. तुमी सांगतलं काऊन नाही?"

सत्यभामाबाईंनी आरातला रोडगा चिमट्यानं बाहेर ओढला, त्यावरची राख झटकली.

"तुमी इचारलं कवा, भाऊजी?"

 कुलदीप घास हातात धरून बसला. वैजनाथनं खाली पाहिलं. असं उत्तर भगवंतरावांना त्यांच्या बापानंतर कोणी दिलेलं नव्हतं.

"खरं आहे," भगवंतराव म्हणाले. "आता इचारून राह्यलो. माह्या पोराची इहीर कशी वाचन, सांगा."

सत्यभामाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. घाई केली नाही. त्यांनी आधी विहिरीकडं पाहिलं, मग नाल्याकडं, मग बागेकडं.

"तो काठ उभा ठेवू नका," त्या म्हणाल्या. "भेगंपासून खाली तिरपा उतरवा, ढोर आरामात उतरन असा. त्याच्यापायी लिंबाच्या दोन वळी सोडा लागतीन."

त्या दोन वळी भगवंतरावांनी स्वतः लावलेल्या होत्या. त्यांनी एकदा डोळे मिटले. "सोडल्या."

"उतार मी अन् दादा करतो," कुलदीप मध्येच म्हणाला. "सरकारी लोकाईची वाट पाहाची नाही. मिरगाच्या आत करून टाकू. काय, दादा?"

वैजनाथनं मान हलवली. मग मान हलवणं पुरेसं नाही असं वाटून म्हणाला, "हाव. उद्यापासूनच."

"वाळ्याचे ठोंब मी देते, लागन तेवढे," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पन आत्ता नाही, आत्ता लावले तं जळून जातीन. दोन पानी चांगले पडू द्या. हातभर अंतरानं लावा, आडव्या वळीनं. वरच्या अंगाले करंज. ढोरं फिरकू देऊ नका दोन साल."

"आन् मंग?" भगवंतरावांनी विचारलं.

"मंग तुमी आखाजीच्या रविवारी उशिरा उठा, आंघोळ करा, आन् सरळ जेवालेच या."

आधी अनुपमा हसली, मग रेवती, मग वैजनाथसुद्धा, आणि भगवंतराव इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. सत्यभामाबाई हसल्या नाहीत. त्यांचं सांगून झालं नव्हतं.

"थांबा, थांबा," भगवंतराव म्हणाले. "रेवती, लिहून राह्यली ना? तो कागद पलटव, मागची बाजू कोरी आहे. लहानी आजी काय म्हन्ते ते सारं लिही. एक शब्द बी सोडू नको."